हलक्या भारावरचा आवाज

४ फेब्रुवारी

खारू,

प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या आपल्या बोर्डात एक वॉट वाया गेला तर तो खरा कितीला पडतो, हे काल मी कागदावर मांडून बघितलं. तो वॉट आधी बोर्ड तापवतो. बोर्ड तापला की यंत्राच्या पाठीवरचं अ‍ॅल्युमिनियम तापतं, ते खोली तापवतं, आणि खोली गार ठेवायला भिंतीवरचं यंत्र आणखी थोडी वीज खातं. म्हणजे एकाचा झाला सव्वा. आता प्रोसेसर रिकामा बसलेला असला तरी दहा वॉट मागतो. ते दहा त्याच्या तोंडी पडावेत म्हणून आपला बोर्ड मागून जवळजवळ पंधरा ओढतो. उरलेले वाटेत सांडले. सव्वापट धरले तर सहाच्या आसपास. जेवणाऱ्याच्या ताटात दहा घास आणि जमिनीवर सहा, असा वाढपी कोणी ठेवेल का? मी ठेवला होता. वर गावभर त्याची तारीफ करत होतो.

तारीफ खोटी नव्हती. पूर्ण भारावर आपला बोर्ड त्र्याण्णव टक्के देतो, कुठेही मोजा. पण प्रोसेसर पूर्ण भारावर असतो कधी? दिवसातला बराचसा वेळ तो वाट बघत बसलेला असतो, कोणीतरी बटण दाबेल म्हणून. हे तू मला समजावलं होतंस. हे मी कबूल करतोय असं समजू नकोस, आठवलं म्हणून लिहिलं.

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात मोजून द्यायचे. कागदावर लिहितोय, कारण ईमेलला तू एका ओळीत उत्तर देतेस आणि फोन वहिनीचा असला तरच उचलतेस. कागद फेकायला निदान खुर्चीवरून उठावं तरी लागतं.

तर आपला उंच साहेब, तोच, दारातून वाकून येणारा, आता नवीन यंत्र काढतो आहे. बिनपंख्याचं, अगदी शांत. दवाखान्यात डॉक्टर लोक अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रेची चित्रं वाचतात, त्यांच्या टेबलावर ठेवायला. डॉक्टर चित्राकडे बघत बसतो आणि प्रोसेसर डॉक्टरकडे. साहेब म्हणाला, "हलक्या भारावर ऐंशी टक्के द्या. जूनपर्यंत. नाही जमलं तर राग नाही, दुसरीकडे बघतो." असं गोड बोलून गळा कापणारी माणसं मला आवडतात, शिकायला मिळतं. पण त्याचं काम गेलं तर आपली अर्धी बाकं रिकामी होतील. तू होतीस तेव्हा एकोणीस माणसं होती, आता बावीस आहेत.

आपण आहोत अडुसष्टवर.

तुझं ते जुनं ड्रॉइंग तुझ्याकडे असेलच. बोर्डावरच्या आठ फेज म्हणजे आठ हमाल, असं तू सांगायचीस. ओझं असो नसो, आठही उठाबशा काढत राहतात आणि त्यातच दमतात. सहांना झोपवायचं, दोघांवर भागवायचं, आणि त्या दोघांनीही गरज पडेल तेव्हाच हात लावायचा. कल्पना नामी होती. ती मी मोडीत का काढली, हे तुलाही माहीत आहे. बोर्ड गात होता.

मला कोणी सांगावं लागलं नव्हतं. तू मागच्या खोलीत तुझ्या चाचणीच्या डब्याला बोर्ड लावून बसली होतीस, मी दारात उभा, हातात चहा. आत पाऊल टाकायच्या आधीच ऐकला. बारीक, शिट्टीसारखा. तो स्वर अजून माझ्या कानात आहे, म्हणशील तर शीळ घालून दाखवीन. तू म्हणालीस, "गातो, मला माहीत आहे दादा. पण आपले बोर्ड जातात त्या यंत्रांच्या हॉलमध्ये शेकडो पंखे ओरडत असतात, तिथे ऐकणार कोण?" मी म्हणालो, "मी ऐकतो." मापाड्या म्हणून आपण ज्याला चिडवायचो त्या पोऱ्याने तेव्हा खाली मान घालून हसू दाबलं होतं, तेही मी पाहिलं.

खारू, मी शाळा अर्धी सोडून पत्रा कापणाऱ्या कारखान्यात लागलो, तिथून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला. ट्रान्सफॉर्मरची एक पट्टी सैल असली तर झाकण न उघडता सांगायचो, कितवी ते. या कानांवर मी हे वर्कशॉप उभं केलं. माझ्या कानावरून गेल्याशिवाय एकही बोर्ड या दाराबाहेर पडलेला नाही. आता मात्र मला एक उपाय सुचला आहे: कॉइल व्हार्निशमध्ये बुडवून काढायच्या. तार हललीच नाही तर गाईल कशी? तेव्हा ड्रॉइंग पाठवतेस का?

बाकी ठीक. घरातला ताप बघायचा थर्मामीटर बिघडला. आकडा दाखवतो पण शेवटी 'टीं टीं' करत नाही. उघडून बघितला, सगळं जागच्या जागी. नवा आणला, तोही मुका निघाला. कसला माल येतो हल्ली.

दादा


२ मार्च

खारू,

ड्रॉइंग पोचलं. सोबतच्या तीन ओळीही पोचल्या. 'कसा आहेस' एवढं लिहायला शाई संपली असती का? असो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तू स्वतःचं नाव घातलं आहेस, ते तसंच राहील. तू घातलं नसतंस तर मी घातलं असतं. हे नंतर सुचलेलं नाही.

तुझी अट वाचली. हलक्या भारावर हमालांनी उचलायचा वेग कितीही मंदावला तरी सेकंदाला पंचवीस हजारांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण त्याखाली माणसाचा कान सुरू होतो. 'हा तळ काढू नकोस, दादा.' एवढं एकच वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंस. म्हणजे माझ्या कानाला तूसुद्धा वचकून आहेस तर! दोन वर्षांपूर्वी हाच तळ घातला असतास तर भांडण झालं नसतं, असं म्हणणार होतो, पण वहिनीने वाचून खोडायला लावलं. ती म्हणते, "त्या दिवशी तिला वाक्य तरी पुरं करू दिलं होतं का तुम्ही?"

मी दिलं होतं, असं माझं मत आहे.

मापाड्याने काम हातात घेतलं आहे. आता त्याला मापाड्या म्हणवत नाही, मिशी आली आहे, तो मुख्य मोजणारा आहे, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. उंच साहेबाने चाचणीसाठी स्वतःचा नवा डबा दिला आहे, प्रोसेसरच्या जागी बोर्डाला भार द्यायचा. पाहुणा असल्यासारखा मापाड्या त्याच्यावर हातसुद्धा जपून ठेवतो. तुझा जुना डबा मागच्या खोलीत आहे तिथेच आहे, चादर पांघरून. कोणी हलवला नाही. मीच सांगितलं होतं.

तू नोकरीच्या त्या न उघडणाऱ्या खिडक्यांच्या इमारतीत जेवतेस काय, एवढं तरी कळव.

दादा


११ एप्रिल

खारू,

ब्याऐंशी!

मापाड्याने तीनदा मोजलं, मी चौथ्यांदा मोजायला लावलं. ब्याऐंशी टक्के. उंच साहेब आनंदाने इतका ताठ झाला की दारात डोकं आपटलं. चाळीस बोर्ड पहिल्या खेपेला गेले, ते दवाखान्यातल्या यंत्रांत बसलेही. पसंत पडले तर पुढचं वर्षभराचं काम आपलं.

आणि आवाज? औषधालाही नाही. मी प्रत्येक बोर्डावर कान टेकवला. मापाड्या, जोडणीवाल्या बायका, सगळ्या बघत होत्या. मी मान वर केली आणि म्हणालो, "झालं. गाणं बंद." व्हार्निश, खारू, व्हार्निश! तुम्ही पुस्तकं वाचलेली माणसं आकडे बदलत बसता, आणि इकडे दोन ब्रश व्हार्निशने काम होतं. रागावू नकोस, ड्रॉइंग तुझंच आहे. फक्त गळा मी बसवला.

तू निरोप पाठवलास, 'तळ ठेवून ब्याऐंशी येणार नाही. कसं आलं?' त्याचं सविस्तर लिहितो, आत्ता वहिनी हाका मारते आहे.

हाका मारते आहे ते हेच सांगायला की बागेत रातकिड्यांनी तिचे कान किटवले. मी म्हटलं, यंदा तर रातकिडे दिसत नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला हल्ली कशानेही त्रास होतो.

दादा


१९ मे

खारू,

हे पत्र आधी दोनदा फाडलं.

मागच्या सोमवारी उंच साहेबाचा फोन आला. आवाजात गोडवा नव्हता, तेव्हाच ओळखलं. म्हणाला, "दवाखान्यात चला माझ्याबरोबर." गेलो. अंधारी खोली, चार टेबलं, चार यंत्रं, भिंतीला जाड पडदे. तिथली मोठी डॉक्टर, केस पिकलेल्या बाई, म्हणाल्या, "मला तर काही त्रास नाही, छान शांत आहेत. पण ही मुलं बसायला तयार नाहीत." मुलं म्हणजे शिकाऊ डॉक्टर. त्यातली एक मुलगी कानात कापूस घालून बसली होती.

मी विचारलं, "काय होतं, बाळ?"

"काका, आत किडा ओरडतो. चित्र बघायला थांबलं की सुरू, काम सुरू केलं की बंद. दुपारपर्यंत डोकं फुटतं."

"कुठल्या यंत्रात?"

"चारही."

मी वाकलो, कान लावला. शांत. उंच साहेबाने लावला, तोही माझ्याच वयाचा. त्याने मान हलवली. त्या मुलीने आम्हा दोघांकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी भुताच्या गोष्टी न मानणाऱ्या माणसांकडे बघायचो.

"आत्ता ओरडतोय?" मी विचारलं.

"आत्ताच तर ओरडतोय!"

परत आलो. मापाड्याला समोर बसवलं.

"बोर्डाचा आवाज येतो?"

"येतो की."

"तुला?"

"सगळ्यांना येतो. जोडणीवाल्या मावशी सोडून."

"मग गाढवा, बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "मालक, तुम्ही एकेकावर कान टेकवलात, मान वर केलीत आणि म्हणालात झालं. आम्हाला वाटलं, हा आवाज गाण्यात धरत नसतील. तुम्हाला कोण विचारणार?"

मी चहा सांगितला दोघांसाठी.

आता ते, जे सविस्तर लिहितो म्हटलं होतं. तुझा तळ ठेवून आकडा एकोणऐंशी येत होता. एक टक्का कमी, खारू, फक्त एक. रिकाम्या वेळी पंचवीस हजारदा उगाच उचलायला लावण्यात तो टक्का जात होता. मी मापाड्याला म्हटलं, तळ काढ, बघू गातो का. त्याने काढला, आकडा ब्याऐंशीवर गेला. मी कान लावला, शांतता. मग तळ घालायचा कशाला? तुला विचारावंसं वाटलं होतं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तुला न विचारता तुझं ड्रॉइंग वापरलं असं तर नव्हतं ना, असं मी स्वतःला समजावलं. समजावायला मी वाईट नाही, गिऱ्हाइकं साक्षीला आहेत.

चाळीसही बोर्ड परत येणार आहेत. उंच साहेबाने पंधरा दिवस दिले. ऐंशी टक्के आणि शांतता, दोन्ही, नाहीतर रामराम. तळ घालून एकोणऐंशी, काढून किडा. मधली वाट मला दिसत नाही. बावीस माणसांना मी अजून सांगितलेलं नाही, पण वर्कशॉपमध्ये कोणी मोठ्याने हसत नाही, म्हणजे कळलेलं आहे.

तुला वाट दिसते का?

दादा

ता. क. मापाड्या मोजून आला. गाणं तेरा हजारांवर आहे. व्हार्निश लावलेल्या आणि न लावलेल्या बोर्डात काही फरक नाही.


३० मे

खारू,

तुझा फोन आला तेव्हा मी आधी 'राँग नंबर' म्हणणार होतो, इतकी सवय गेली. तू ओरडली नाहीस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर बरं, असं बोलायची पद्धत आहे, पण खरं सांगतो, नाही ओरडलीस ते बरं झालं.

तू सांगितलंस ते मापाड्याने लगेच करून बघितलं. हमालाने उचलायचं म्हणजे एक स्विच उघडायचा, त्याला दर वेळी पाच व्होल्टचा धक्का देतो आपण. जड भाराला तो हवाच, पण हलक्या भाराला दार अर्धवट उघडलं तरी पुरतं. तेव्हा धक्का कमी करायचा. जितक्या वेळा धक्का, तितक्या वेळा बचत. पंचवीस हजारदा. जो तळ मला खड्डा वाटत होता तिथूनच तू टक्का उकरून काढलास. तळ घालून, धक्का कमी करून: साडेऐंशी.

शांत आहे का, हे मी ऐकलं नाही. तू म्हणालीस ना, "ऐकू नकोस दादा, मोज." मापाड्याने मोजलं, आणि वर्कशॉपमधल्या सगळ्यात लहान पोरीने कान लावला. ती म्हणाली, "काही नाही." मी तिला विचारलं, नक्की? ती म्हणाली, "मालक, आधी होतं, आता नाही." आधी होतं हे सांगायला तिला इतके दिवस लागले आणि मला विचारायला.

साहेबाकडे बोर्ड गेले आहेत. उत्तर आलं की कळवतो. वहिनी आता कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे. तुझीच शिकवण दिसते.

दादा


१४ जून

खारू,

साहेबाचं उत्तर आलं. ती कापसाची मुलगी दोन दिवस खोलीत बसली आणि कापूस टाकून दिला. काम आपल्याकडे राहिलं. वर्षाचं नाही, सहा महिन्यांचं, पुढचं बघू म्हणाला. माझ्या शब्दावर आता तो वर्षभर विसंबणार नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाकं भरलेली आहेत.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, हातात बटण दिलं. "ऐकू आलं की दाबा." बराच वेळ झाला, मी काचेतून खुणावलं, सुरू करा. त्यांनी खुणावलं, केव्हाच सुरू केलंय.

नंतर त्यांनी रेघांचा कागद पुढे ठेवला. एक रेघ डावीकडून छान सरळ येते आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली. चार हजारांपुढे अशक्त, सहाच्या पुढे काहीच नाही. मी म्हटलं, वयाने होतंच असेल, या एकदोन वर्षांत. त्या म्हणाल्या, "पूर्वी कुठे काम करत होतात?" पत्रा कापण्याचा कारखाना म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "मग हे एकदोन वर्षांतलं नाही. पंधरावीस वर्षं जुनं असणार." थर्मामीटर दोन्ही चांगले आहेत. वहिनीने एक माझ्यासमोर वाजवून दाखवला, म्हणजे तिला वाजला.

हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू तो प्रश्न विचारलास, इंजिनिअरनेच विचारावा असा. "दादा, माझा बोर्ड तेव्हाही तेरा हजारांवरच गात होता. मला ऐकू येत होता, म्हणून मी 'गातो' म्हटलं. तुला तर तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. मग त्या दिवशी दारात उभं राहून तू काय ऐकलंस?"

मी म्हटलं, ऐकलं होतं हे नक्की, खोटं बोललो नव्हतो. तू म्हणालीस, "खोटं नाही म्हणत मी. काय होतं ते विचारते आहे." आणि मग म्हणालीस की ऑगस्टमध्ये दहा दिवस सुट्टी आहे, वहिनीला सांग. मी सांगितलं. ती तुझी खोली कालपासून झाडते आहे, जून आहे हे तिला पटत नाही.

आज दुपारी मी मागच्या खोलीत गेलो. मापाड्या बरोबर होता. तुझ्या जुन्या डब्यावरची चादर काढली, धूळ पुसली, वायर लावली. तू गेल्यापासून तो कोणी चालू केला नव्हता. मी दाराशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा होतो तिथेच. चहा मात्र नव्हता.

"मालक, तो स्वर आठवतो?" मापाड्याने विचारलं.

मी शीळ घालून दाखवली. त्याने बटण दाबलं. डब्याच्या पाठीमागचा छोटा पंखा फिरायला लागला, बेअरिंग सुकलेलं, आणि माझी शीळ संपायच्या आत तोच स्वर खोलीत होता. बारीक, शिट्टीसारखा.

डब्याला बोर्ड लावलेला नव्हता.

दादा